खाडीतलं तांबं: नॅनो लेपाच्या जाळ्याचं एक प्रकरण

मालवण तालुक्यातल्या एका खाडीत तरंगत्या पिंजऱ्यांत जिताडा पाळणारा एक गट आहे. गेल्या हंगामाच्या तोंडावर त्यांच्यासमोर प्रश्न आला: पिंजऱ्यांना नॅनो कॉपर ऑक्साइडचा, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा, लेप दिलेली जाळी घ्यायची का? विक्रेत्याने नमुना आणून दाखवला होता, भाव सांगितला होता आणि लवकर कळवा म्हणून मागे लागला होता. रसायनशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून गटाने मला बैठकीला बोलावलं. गावाचं आणि गटाचं नाव मी देत नाही, कारण तिथले व्यवहार अजून चालू आहेत आणि खाडीच्या मालाबद्दल नुसती कुजबुज झाली तरी बाजारात भाव पडतो.

नॅनोतंत्रज्ञान पर्यावरणाला तारक की मारक, यावर ढोबळ बोलायला हरकत नाही, पण त्यातून कुणालाच काही ठरवता येत नाही. इथे एकच पदार्थ होता, एकच खाडी होती, आणि त्या पाण्यावर पोट असलेली माणसं समोर बसली होती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

जाळ्याची अडचण

पिंजरा पाण्यात सोडल्यावर दोन-चार दिवसांतच जाळ्याच्या धाग्यावर बुळबुळीत थर धरतो. बोट फिरवलं की हाताला लागतो. हा जिवाणूंचा थर. त्यावर शेवाळ येतं, शेवाळाच्या आधाराने शिनाणे आणि कालवं या शिंपल्यांची पिल्लं चिकटतात, आणि काही आठवड्यांत जाळ्याचे आस बुजून जातात. मग पिंजऱ्यातून पाणी खेळत नाही. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, दिवसांत निभावतं, पण भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत ओढ कमी असते आणि पहाटे पाण्यातला प्राणवायू इतका उतरतो की मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. त्या अवस्थेत तासभर गेला तरी वर्षाची मेहनत उलटी होऊन तरंगताना दिसते.

उपाय एकच, जाळं बदलायचं. दोघे-तिघे पाण्यात उतरतात, जड झालेलं जाळं सोडवतात, होडीत घेतात, किनाऱ्यावर उन्हात टाकतात आणि वाळल्यावर झोडपतात. शिंपल्यांच्या धारेने बोटं कापतात. झोडपून झोडपून धागे कमजोर होतात, भोकं पडतात, मासे निसटतात. निकामी झालेलं जाळं शेवटी कांदळवनाच्या कडेला पडतं. भरतीला ते तिवरांच्या मुळांत अडकतं आणि तिथे खेकडे गुंततात. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. म्हणून नॅनो लेपाचा पर्यावरणीय फायदा मोजताना सुरुवात इथून करायला हवी. जाळं जास्त दिवस टिकलं तर प्लास्टिकचा कचरा कमी होतो. पाणी खेळत राहिलं तर मासे कमी आजारी पडतात आणि औषधांचा वापरही कमी होतो. विक्रेता सांगत होता त्यात बरंच खरं होतं.

कमी तांब्यात जास्त काम

पाण्याखालच्या लाकडाला काही धरू नये म्हणून तांबं वापरायची युक्ती जुनी आहे. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे मारून पाहिले होते. पुढे पत्र्यांची जागा तांब्याच्या रंगाने घेतली. पाण्यात सुटणारे तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, शेवाळाला आणि शिंपल्यांच्या पिल्लांना सहन होत नाहीत, एवढंच त्यामागचं तत्त्व. कोकणातल्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. सुपारीच्या गळीवर बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतो आणि बुरशी मारायचं काम त्यातलं तांबंच करतं.

मग नॅनोने नवं काय आणलं? पृष्ठभाग. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचा बाहेरचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर भरतो. तोच घन एक नॅनोमीटर बाजूच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या, कणांत तोडला तर एकूण पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर होतो. गुंठ्यांत सांगायचं तर जवळपास साठ गुंठे. आयन सुटतात ते पृष्ठभागावरून. त्यामुळे थोड्या तांब्यात पूर्वी जास्त तांब्याने व्हायचं ते काम भागतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पॉलिॲनिलीन या पॉलिमरच्या साहाय्याने पिंजऱ्याच्या पॉलिथिलीन जाळ्यावर नॅनो कॉपर ऑक्साइड बसवण्याचं काम केलं आहे आणि ते प्रसिद्धही झालं आहे. आमच्याकडे आलेला नमुना त्या संस्थेचा नव्हता. तो एका खासगी विक्रेत्याचा होता आणि लेप कशाने बसवला आहे ते त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

हे गणित मांडल्यावर गटातल्या तरुणांचे चेहरे खुलले. कमी तांबं वापरायचं, म्हणजे खाडीत कमी तांबं जाणार. वरवर बिनतोड वाटणारा मुद्दा होता.

बैठकीतला प्रश्न

त्या बैठकीला कालवं काढणाऱ्या बायकांना कुणी बोलावलेलं नव्हतं. पिंजरे गटाचे, कर्ज गटाचं, तेव्हा निर्णयही गटाचाच, असं सगळे धरून चालले होते. पण बैठक ज्या पडवीत होती तिथून सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कालवांवर जायची वाट जाते, आणि तीन-चार जणी कोयत्या, टोपल्या घेऊन जाता जाता ऐकत उभ्या राहिल्या. विक्रेत्याचा माणूस त्यांच्याकडे वळून समजावू लागला, “काकी, घाबरायचं काही नाही. हे तांबं जाळ्यातून सुटतच नाही.”

त्यांच्यातल्या वयस्क काकींनी विचारलं, “सुटणा नाय, तर मगे शेवाळ मरता कसा?”

पडवी गप्प झाली. नॅनो लेपांवरची जी चर्चा मी वर्षानुवर्षं वाचत आलो तिचं मर्म या एका प्रश्नात होतं. जाळ्याला चिकटलेल्या जिवाणूला कणाचा थेट स्पर्श होऊन थोडा परिणाम होत असेलही, पण कॉपर ऑक्साइडचं मुख्य काम चालतं ते पाण्यात सुटणाऱ्या आयनांनी. लेप जितके दिवस काम करतो तितके दिवस तो झिजत असतो. म्हणजे तांबं सुटतं की नाही हा वादाचा विषयच नाही. किती सुटतं, किती काळ सुटतं, नुसते आयन सुटतात की लेपाचे तुकडेही निघतात, आणि ते कुठे जातात, हे विचारायला हवं.

‘सुटत नाही’ हे आश्वासन दुसऱ्या नॅनो वस्तूंबाबतही दिलं गेलं होतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात नॅनो चांदीचे मोजे साध्या पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. स्वित्झर्लंडमध्ये नॅनो चांदीचा रंग दिलेली भिंत वर्षभर पावसात ठेवून खाली वाहणारं पाणी तपासलं, तर तीस टक्क्यांहून जास्त चांदी त्या पाण्यात गेली होती. स्वित्झर्लंडचा पाऊस आपल्यापुढे किती! आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो.

खाडीचं पाणी दर हंगामाला वेगळं

विक्रेत्याकडे एका चाचणीचा कागद होता. चाचणी समुद्राच्या पाण्यात झाली होती, म्हणजे लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात. खाडीचं पाणी मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या जवळ जातं. जुलैत वरून नदीचा लोंढा आला की तेच पाणी जवळपास गोडं होतं. नॅनोकणांच्या दृष्टीने या फरकाला फार महत्त्व आहे.

खाऱ्या पाण्यात कणांवरचा विद्युतभार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि तळाला बसतात. गोड्या पाण्यात, त्यातही कुजलेल्या पालापाचोळ्याची सेंद्रिय आम्लं मिसळलेल्या पाण्यात, कण सुटे राहतात आणि लांबवर जातात. तांब्याचे आयनही त्या सेंद्रिय पदार्थांना धरून बसतात आणि तेवढ्यापुरता त्यांचा विखार कमी होतो. तळाच्या काळ्या चिखलात गंधकाचं प्रमाण भरपूर असतं. तिथे तांबं कॉपर सल्फाइड होऊन अडकतं. कांदळवनाचा चिखल हा असा मोठा साठवणदार आहे, पण तो कायमचा नाही. पुराने चिखल ढवळला, किंवा रेतीसाठी ड्रेजर लावला, की साठलेलं पुन्हा पाण्यात येतं.

आणि खाडीत वरचा-खालचा असा कुणी नसतो. भरतीला पाणी आत येतं, ओहोटीला बाहेर जातं. पिंजऱ्यापासून निघालेलं पाणी दिवसातून दोनदा कालवांच्या खडकांवरून फिरतं.

कालव म्हणजे पाणी गाळून खाणारा जीव. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातलं मोठं कालव चांगल्या परिस्थितीत दिवसाला सुमारे १९० लिटर पाणी गाळतं. आपली कालवं लहान, पण काम तेच. सुटा नॅनोकण त्याच्या गाळणीतून सहसा निसटतो. अडचण गोळ्यांची. २००९ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी शिनाण्यांच्या आणि कालवांच्या जातभाईंवर प्रयोग केला. कण सुटे असताना त्यांनी थोडेच घेतले, पण पाण्यातल्या सेंद्रिय गोळ्यांत अडकलेले तेच कण भरपूर घेतले आणि ते पोटात जास्त वेळ राहिले. म्हणजे खाऱ्या पाण्यात कण गोळा होऊन खाली बसतात हे ऐकून निर्धास्त व्हावं, तर तोच गोळा कालवाचं अन्न ठरतो.

इथे मी गटासमोर एक हिशेब मांडला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने खाऱ्या पाण्यातल्या जीवांसाठी विरघळलेल्या तांब्याची दीर्घकालीन मर्यादा लिटरला ३.१ मायक्रोग्रॅम धरली आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. जे पाणी माणसाने बिनधास्त प्यावं ते कालवाच्या पिल्लाला घातक असू शकतं. एक ग्रॅम तांबं विरघळलं तर सुमारे सव्वातीन लाख लिटर स्वच्छ पाणी त्या ३.१ च्या मर्यादेला पोचतं. मीटरभर खोल आणि अठरा मीटर लांब-रुंद पाण्याचा तुकडा डोळ्यांसमोर आणा, तेवढं पाणी. उधाणाला ते धुऊन निघेल. भांगाला तिथेच घुटमळेल, आणि जाळ्याला लेपाची खरी गरज असते तीही भांगालाच.

तांब्याने कालवं बिघडल्याचं उदाहरणही आहे. १९८६ मध्ये तैवानच्या चार्टिंग किनाऱ्यावर पाळलेली कालवं हिरवी पडली आणि मोठ्या प्रमाणावर मेली. जवळच्या नदीकाठी भंगारातून धातू काढायचे धंदे होते, त्यांचं तांबं नदीतून किनाऱ्याला येत होतं. ते नॅनो नव्हतं आणि प्रमाणही भलतंच मोठं होतं, त्यामुळे आमच्या पिंजऱ्यांशी त्याची बरोबरी करणं अन्यायाचं होईल. त्याहून जवळचा दाखला ट्रायब्युटिलटिनचा, म्हणजे टीबीटीचा. बोटींच्या तळाला लावायचा हा रंग सुरुवातीला वरदान मानला गेला, कारण थोड्याशा मात्रेत तो भरपूर काम करायचा. फ्रान्सच्या आर्काशोंच्या उपसागरात कालवांचे शिंपले वेडेवाकडे जाड व्हायला लागले, नवी पिल्लं धरेनाशी झाली आणि तिथला कालवांचा धंदा कोसळला. फ्रान्सने १९८२ मध्ये पंचवीस मीटरपेक्षा लहान बोटींवर तो बंद केला. समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना लिटरमागे एखाद्या नॅनोग्रॅमने नराची इंद्रियं फुटत होती, हेही नंतर कळलं. जगभर बंदीचा करार २००१ मध्ये झाला आणि तो लागू व्हायला २००८ उजाडलं. पहिल्या खाडीचं नुकसान आणि जगाचा नियम यांच्यात इतकी वर्षं जातात. तोवर त्या खाडीकाठच्या माणसांनी काय खायचं?

एवढं सांगून झाल्यावर दुसरी बाजूही तितक्याच जोराने मांडली. तांबं म्हणजे टीबीटी नव्हे. ते निसर्गात असतंच. खेकड्याच्या आणि कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्य तांब्यावर चालतं. आमच्या खाडीत तांबं आजही उतरतं: वाड्यांतल्या बोर्डो फवारणीचं, होड्यांच्या रंगाचं. नॅनो जाळं नाकारलं म्हणून खाडी तांब्यापासून मुक्त होणार नव्हती. उलट पिंजऱ्याच्या चौकटीला आणि होडीला साधा तांब्याचा रंग फासण्याऐवजी नीट बसवलेला नॅनो लेप वापरला तर एकूण तांबं कमीही होऊ शकतं. म्हणूनच मी गटाला ‘नको’ असं सांगितलं नाही.

नियमाचा आधार शोधताना

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये नॅनो आधारित कृषी निविष्ठा आणि अन्नपदार्थ यांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा रोख शेतातल्या खत-औषधांवर आणि खाण्याच्या पदार्थांवर आहे. खाडीत टांगलेल्या जाळ्याचा लेप त्यात सरळ बसत नाही. युरोपीय संघाच्या २०१२ च्या जैवनाशक नियमात मात्र नॅनो रूपाचा धोका वेगळा तपासावा लागतो आणि वेष्टनावर नॅनो असल्याचं लिहावं लागतं. साध्या कॉपर ऑक्साइडची चाचणी दाखवून नॅनो कॉपर ऑक्साइड विकता येत नाही. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण कणाचा आकार बदलला की विरघळण्याचा वेग बदलतो आणि जुना आकडा उपयोगाचा राहत नाही. आमच्या विक्रेत्याच्या कागदावर कणांचा आकारच दिलेला नव्हता.

बैठकीत एका तरुणाने विचारलं, “सर, मग पाण्याच्या फिल्टरमध्ये नॅनो चालतं ते कसं?” प्रश्न रास्त होता. आयआयटी मद्रासमध्ये नॅनो चांदीने पाण्यातली कीडनाशकं काढायचं तंत्र विकसित झालं आणि ते घरगुती फिल्टरमध्ये आलंही. तिथे कण डब्यात बंद असतात, पाणी त्यांच्यावरून जातं, आणि डबा संपला की तो हातात धरून परत देता येतो. उघड्या पाण्यात टांगलेला लेप परत गोळा करता येत नाही. माझ्या मते नॅनोच्या फायद्या-तोट्यांची सीमा इथे आहे: पदार्थ परत आपल्या हाती येतो की नाही. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने आणि रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने २००४ च्या अहवालात पुरेसं कळेपर्यंत सुटे नॅनोकण पर्यावरणात सोडणं शक्य तितकं टाळा असं म्हटलं होतं. वीस वर्षांनंतरही मला ते पटतं, आणि खाडीसारख्या चिंचोळ्या पाण्यासाठी तर जास्तच.

काय ठरलं

दुसरी बैठक झाली ती कालवं काढणाऱ्या बायकांना रीतसर बोलावून. त्यांच्याकडून आलेली माहिती कुठल्याही अहवालात नसती: कुठल्या खडकावर बी आधी धरते, पावसानंतर कुठली कालवं बेचव लागतात, पिंजरे आल्यापासून कुठे गाळ वाढला. पिंजऱ्यांचा फायदा गटाला मिळतो आणि तांब्याचा धोका कालवांना, म्हणजे वाट्यावर कालवं विकून घर चालवणाऱ्या बायकांना. नॅनोच्या फायद्या-तोट्यांचा ताळेबंद मांडताना दोन्ही बाजू एकाच्याच खात्यात आहेत असं आपण गृहीत धरतो. या खाडीत ती खाती दोन वेगळ्या घरांची होती.

गटाने सगळ्या पिंजऱ्यांना लेपाची जाळी घ्यायचा विचार सोडला. विक्रेत्याला लेखी कळवलं की आधी चार गोष्टी द्या: कणांचा आकार, लेप कशाने बसवला आहे, खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यात दिवसाला किती तांबं सुटतं याचे आकडे, आणि वापरलेलं जाळं परत घेण्याची हमी. ते आले तर खाडीच्या मुखाजवळच्या एकाच पिंजऱ्याला लेपाचं जाळं लावायचं, शेजारी साधं जाळं ठेवायचं, पावसाआधी दोन्ही काढायची. पिंजऱ्याजवळ, थोडं लांब आणि कालवांच्या खडकाशी कालवांच्या माळा टांगायच्या, आणि जाळं लावण्याआधी व काढल्यावर त्यांच्या मांसातलं तांबं प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही, म्हणून माळा टांगायचं काम जाळ्याची वाट न पाहता करायचं ठरलं. लेपाचं जाळं किनाऱ्यावर झोडपायचं नाही, यावर काकींनी बोट ठेवलं. झोडपताना निघणारा चुरा सरळ चिखलात जाईल, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

तोवर जुनाच मार्ग थोडा सुधारून चालू आहे. प्रत्येक पिंजऱ्याला दोन जाळी, एक पाण्यात आणि एक उन्हात. पिंजऱ्यातले मासे थोडे कमी ठेवायचे, म्हणजे भांगाच्या पहाटे प्राणवायू पुरतो. फाटकी जाळी एका जागी गोळा करून भंगारवाल्याला द्यायची. मेहनत जास्त आहे, उत्पन्न थोडं कमी आहे, आणि तरुणांची कुरकुर आहे. ती मला समजते, कारण बोटं त्यांचीच कापतात.

विक्रेत्याने अजून फक्त कणांचा आकार कळवला आहे. गोड्या पाण्यातला आकडा आल्याशिवाय पुढची बैठक घ्यायची नाही, आणि घ्यायची तेव्हा सुकतीची वेळ टाळून घ्यायची, म्हणजे कालवांवर जाणाऱ्या बायकांना येता येईल, असं गटाच्या इतिवृत्तात लिहिलं आहे.